कोरडी पट्टी

एकवीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतोय, आणि माझा एक नियम आहे. गाडीत बसण्याआधी बॉनेट उघडायचं. शिकणाऱ्यानं ऑइलची पट्टी ओढून काढायची, फडक्यानं पुसायची, परत आत घालायची, परत काढायची आणि मला दाखवायची. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल त्यांच्या मधे असलं की मी म्हणतो, "छान. बसा." गावात दुसरं कुणी हे शिकवत नाही, याचा मला भारी तोरा होता.

आता खरं सांगतो. गेलं वर्षभर मला त्या पट्टीवरचं काही दिसतच नव्हतं. जवळचं दिसेनासं झालं होतं. डॉक्टरांनी चष्मा दिला, तो मी टेबलाच्या खणात टाकून दिला. गाडी शिकवणारा माणूसच चष्मा चाचपडायला लागला तर शेजारी बसलेल्याला धीर कसा येणार, असं मी स्वतःला सांगायचो. खरं तर मलाच म्हातारं दिसायचं नव्हतं. मग कुणीही पट्टी समोर धरली की मी मान डोलवायचो. छान, बसा.

माझा मेव्हणा मेकॅनिक आहे. त्यानं दोन महिन्यांपूर्वीच बजावलं होतं, "भावजी, तुमचं इंजिन ऑइल खायला लागलंय. दर आठवड्याला बघत जा, नाहीतर एक दिवस भर रस्त्यात जाम होईल."

"मला शिकवतोस?" मी म्हटलं. "मी दिवसातून चारदा बघतो."

त्याच सुमारास एक ताई शिकायला आल्या. पन्नाशीच्या, ग्रंथालयात काम करणाऱ्या, तिथल्यासारखंच सगळीकडे हळू बोलणाऱ्या. नवऱ्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागायचं. त्यांची गाडी दारात उभी, पण नवऱ्याला आता चालवणं झेपत नव्हतं. दीर न्यायचा, आणि प्रत्येक खेपेला घड्याळाकडे बघून सुस्कारा सोडायचा. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "सर, मला घर ते दवाखाना एवढं आलं तरी पुरे. कुणाच्या तोंडाकडे बघायला नको."

शिकल्या मात्र मन लावून. परीक्षा गुरुवारी होती. सोमवारी त्यांनी नेहमीसारखी पट्टी काढली, पुसली, घातली, काढली आणि तिच्याकडे बघत राहिल्या.

"सर, हिच्यावर काहीच नाहीये."

"नीट आत गेली नसेल. परत घाला."

त्यांनी परत घातली. "सर, कोरडीच आहे."

पुढच्या तासाचे दोघेजण मागे उभे होते. त्यांच्यादेखत पट्टी हातात घ्यायची आणि डोळे बारीक करत बसायचं, हे माझ्या जिवावर आलं. मी तडकलो. "ताई, एवढी साधी पट्टी वाचता येत नाही, आणि गुरुवारी परीक्षा द्यायला निघालात?"

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी पट्टी जागेवर ठेवली, बॉनेट लावलं आणि निमूट गाडीत बसल्या.

गुरुवारी परीक्षेच्या मैदानाकडे जाताना चढावर डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागला. "सर, दिवा," त्या म्हणाल्या. "सेन्सर बिघडलाय, तुम्ही समोर बघा," मी म्हणालो. मग इंजिनातून टकटक ऐकू यायला लागली, ती वाढली, आणि एक घाणेरडा आवाज करून गाडी जागच्या जागी बसली. मागे हॉर्नचा कल्लोळ. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर थिजलेले.

"सर, माझ्याकडून काय झालं?"

आणि मी म्हणालो, "गिअर चुकला तुमचा."

हे वाक्य मी बोललो. कुणी माझ्या तोंडून काढून घेतलं नाही.

गाडी ओढून मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये नेली. ताई ऐकेनात, त्याही बरोबर आल्या. मेव्हण्यानं पट्टी काढली. "ठणठणीत कोरडी आहे."

"सोमवारी मलाही कोरडीच दिसली होती," ताई म्हणाल्या. आवाजात टोमण्याचा लवलेश नव्हता. "पण मी नीट घातली नव्हती. आज तर गिअरही चुकला. माझ्या हातात गाडी देण्यात अर्थच नाही."

मेव्हण्यानं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवर टांगलेले नट-बोल्टचे पाने मोजत उभा राहिलो.

त्या गेल्यावर तो हात पुसत म्हणाला, "ऑइल नसलं की लोखंडावर लोखंड घासतं, तापतं, चिकटून बसतं. यात गिअरचा काय संबंध, भावजी?"

"माहीत आहे मला."

"मग त्यांना का नाही सांगितलंत?"

मी गाडीचं बॉनेट लावलं आणि गॅरेजबाहेर पडलो.

परीक्षेची नवी तारीख मिळाली. मी ताईंना फोन केले, त्यांनी उचलले नाहीत. लाजेनं मला जेवण जाईना. आठव्या दिवशी मी खणातून चष्मा काढला, खिशात घातला आणि त्यांच्या घरी गेलो.

नवरा बूट घालून दाराशी खुर्चीवर बसला होता. दवाखान्याची वेळ टळून चालली होती आणि दिराचा पत्ता नव्हता. ताई त्याला तिसऱ्यांदा फोन लावत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. चष्मा, पट्टी, लाल दिवा, गिअर. "तुमचं काहीच चुकलं नव्हतं," मी म्हणालो. "तुम्हाला दिसत होतं. मला दिसत नव्हतं, आणि मी खोटं बोललो."

मग ताईंनी फोन खाली ठेवला.

"आठ दिवस मी या गाडीकडे बघितलेलं नाही, सर," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता. "मला वाटलं, डोळ्यांसमोरची पट्टी दिसत नाही असली मी बाई. यांना म्हटलं, गाडी विकून टाका."

मी मान वर करू शकलो नाही.

त्यांनी खिळ्यावरची किल्ली घेतली आणि बाहेर जाऊन आपल्या गाडीचं बॉनेट उघडलं. पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. त्यांच्याकडे शिकाऊ परवाना होता, शेजारी मी बसलो की त्यांना चालवता येणार होतं. मी पट्टी बघायला पुढे झालो आणि खिशातून चष्मा काढला.

"चष्मा राहू द्या," त्या म्हणाल्या. "वरच्या खुणेच्या जरा खाली आहे. मी सांगतेय ना."

मी चष्मा परत खिशात ठेवला.

त्यांनी बॉनेट लावलं, नवऱ्याला हात धरून मागच्या सीटवर नेलं आणि स्टिअरिंगपाशी गेल्या.

"छान," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "बसा."

मी बसलो.