दोन झाकणं पावडर

खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं प्लास्टिकचं झाकण. हजार कोंबड्यांच्या टाकीला दोन झाकणं पावडर.

घरामागे वेगळं खुराडं. त्यात बारा कोंबड्या, घरच्या ताटासाठी. त्यांना साधं पाणी.

शेडवर पाटी : ‘औषधाशिवाय वाढवलेली कोंबडी’. अक्षर वळणदार.

एका तर्जनीवर कोंबडीच्या नखाचा ओरखडा, तांदळाच्या दाण्याएवढा.

बोट पोल्ट्रीवाल्याच्या बहिणीचं. ओरखडा कोंबड्या गाडीत भरताना लागलेला. पाचव्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला, तेव्हा त्याने तिला दवाखान्यात आणलं. “कोंबड्यांना कुठली औषधं देता?” डॉक्टरबाईंनी तेव्हाच विचारलं होतं.

“छे हो! नुसती व्हिटॅमिनं.” तोंडभर हसून सांगितलं होतं त्याने.

त्या भरवशावर सलाईनमधून औषध सुरू झालं. आज तिसरा दिवस. ताप हटत नव्हता, सूज दंडाकडे सरकत होती.

“जंतू दाद देत नाहीत,” बाई म्हणाल्या. “कुठलं औषध चालेल ते तपासणीतून परवा कळेल. हात काही परवापर्यंत थांबणार नाही. शेडमधलं काही आठवतंय का?”

त्याने सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं. खाटेवरून बहीणच बोलली, “बाई, आमच्या दादाच्या कोंबड्या औषधाला शिवतसुद्धा नाहीत. पाटी मी रंगवलीय ना!” मग त्याच्याकडे वळून, “आणि तू रे? हात माझा सुजलाय, थोबाड तुझं का?”

त्याला हसू आलं नाही. बाई बाहेर पडल्या तसा तो मागोमाग गेला.

वऱ्हांड्यात त्याची बायको उभी होती. त्याचं खाली घातलेलं तोंड बघून ती हळूच म्हणाली, “टाकीत ओतताना हात अडला नाही. आता जीभ का अडते?”

त्याने बाईंना पावडरमधल्या औषधांची तीन नावं सांगितली. दुसऱ्या नावाला बाईंचं पेन थांबलं; तेच औषध सलाईनमधून चाललं होतं, जंतू त्याला आधीच सरावलेले. त्या तडक आत गेल्या, सलाईन बंद केलं, नर्सला दुसरं औषध आणायला सांगितलं. परत आल्या तेव्हा आवाज चढला नव्हता, तेच त्याला जास्त लागलं.

“तीन दिवस फुकट गेले. हात वाचेल की नाही, आत्ता सांगता येत नाही. तुमची कोण ती?”

“सख्खी बहीण.”

“तिला मी सांगू की तुम्ही?”

“मीच,” तो म्हणाला आणि दार ढकललं.

पावडर टाकली तेव्हा त्या खेपेत एकही कोंबडी आजारी नव्हती.