नेव्हिलनं पास केलेली गाडी

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या मेरीपोर्टला हेझल रेल्फच्या मोटारहोमची, म्हणजे आत राहता-झोपता येणाऱ्या गाडीची, वार्षिक तपासणी म्हणजे दर मार्चमधला एक छोटासा सणच असायचा. सकाळी तिचा धाकटा भाऊ नेव्हिल चालत यायचा, दारामागच्या खुंटीवरची किल्ली स्वतःच काढून घ्यायचा आणि गाडी आपल्या गॅरेजवर न्यायचा. गावात तपासणीचा परवाना असलेलं गॅरेज ते एकच. संध्याकाळी धुऊनपुसून लख्ख केलेली गाडी घेऊन तो परतायचा आणि खिडकीतून ओरडायचा, "पास! आणि पहिल्या नंबरानं!" मग हेझल आल्याचा केक कापायची, नेव्हिल चहात साखर ढवळत गावभरच्या गाड्यांच्या कुचाळक्या करायचा, आणि वर्षभराची काळजी मिटायची.

मोटारहोमवाल्यांच्या क्लबात बाकीच्यांची रडगाणी ऐकताना हेझलला मनातून गंमत वाटायची. कुणाचं छत गळायचं, कुणाचा हँडब्रेक एकाच बाजूला धरायचा, कुणाचे टायर दिसायला कोरे करकरीत पण बाजूनं भेगाळलेले. वर्षातून चार वेळा फिरायची आणि उरलेले महिने समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभी राहायची गाडी, कुरकुर करणारच. "तुझी कशी गं कधी अडकत नाही?" बायका विचारायच्या. "माझा नेव्हिल आहे," हेझल म्हणायची, आणि विषय संपायचा.

गाडी घेतली होती तिच्या नवऱ्यानं, गॉर्डननं. जन्मभर टपालाची व्हॅन चालवली, निवृत्त झाल्यावर ही थोराड, जुनी गाडी हौसेनं आणली, आणि एकच उन्हाळा तिच्यात हिंडून तो गेला. मुलगी रूथ म्हणाली, "आई, विकून टाक." हेझललाही तेच बरं वाटत होतं. पण नेव्हिल स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "ठेव ती. गाडीचं सगळं मी बघतो. मी आहे ना." त्या एका वाक्यावर हेझल पुन्हा उभी राहिली. एवढी मोठी गाडी चालवायला शिकली. दर उन्हाळ्यात रूथच्या मुलांना, मॉली आणि जूडला, मागच्या सीटवर बसवून किर्कस्टोनचा घाट उतरायची, कधी थेट स्कॉटलंडच्या किनाऱ्यापर्यंत जायची. नेव्हिलची नात एली मात्र कधी बरोबर आली नाही. तिला गाडी लागते, असं नेव्हिल म्हणायचा.

त्या वर्षी फेब्रुवारीत नेव्हिल शिडीवरून पडला आणि कमरेचं हाड मोडून बसला. हेझल सूपचं भांडं घेऊन भेटायला गेली, तर त्यानं दुखण्याऐवजी गाडीचाच विषय काढला.

"तपासणीचं मे महिन्यात बघू. मी उठलो की करतो."

"अरे, पण ईस्टरच्या सुट्टीत मुलांना घेऊन जायचंय. मुदत त्याआधीच संपतेय."

"मग ईस्टर राहू दे एक वर्ष. दुसरीकडे कुठे नेऊ नकोस, हेझल. लुटतात ते लोक. नसलेले दोष काढतात."

"बरं बाबा, झोप तू," असं ती म्हणाली खरी, पण घरी येताना तिच्या मनात आलं की बिचारा अंथरुणावरही आपलीच काळजी वाहतोय. त्याच्या डोक्याला ताप नको. तिनं गुपचूप शेजारच्या वर्किंग्टन गावातल्या एका मोठ्या गॅरेजची वेळ घेतली. पास झाल्याचं सांगून त्याला चकित करावं, असाही विचार होताच.

वर्किंग्टनच्या गॅरेजमध्ये तपासणी करणारी बाई होती, जेमा नावाची, तिशीची, कमी बोलणारी. हेझल काचेपलीकडे कॉफी घेऊन बसली. दिवे झाले, वायपर झाले, ब्रेक झाले. मग गाडी लिफ्टवर वर गेली आणि जेमा खाली शिरली. बराच वेळ ती बाहेर आली नाही. मधेच तिनं आपल्या साहेबाला हाक मारली. दोघं वर बघत उभे राहिले. नंतर जेमानं काचेवर टकटक केली.

"मिसेस रेल्फ, जरा आत येता? तुम्ही स्वतः पाहिलेलं बरं."

हेझल आपल्या गाडीखाली आयुष्यात पहिल्यांदाच उभी राहिली. वर सगळं काळंभोर, जाड लेप दिलेलं, अगदी व्यवस्थित. जेमानं एका जागी हातोडीच्या दांड्यानं हलकेच ठोकलं. लोखंडाचा आवाज यायला हवा होता, पुठ्ठ्यासारखा आला. लेपाचा पापुद्रा सुटला, त्यामागून पत्र्याची पट्टी लोंबली आणि तिच्यामागून तांबड्या भुग्याची धार जमिनीवर सांडली.

"ही चासी," जेमा म्हणाली. "गाडीचा सगळा भार पेलणारा सांगाडा. म्हणजे हिच्या जागी चासी असायला हवी होती. दोन्ही बाजूंना हेच आहे. ब्रेकचे पाइपही गेलेत, पण ते बदलता येतात."

"गंज लागतो हो आमच्याकडे. समुद्र जवळ..."

"गंज लागतो. पण गंजावर कुणी आपोआप पत्रा चिकटवून वरून काळं फासत नाही." जेमानं वर बोट दाखवलं. "हे दोन बोल्ट दिसतात? मागच्या सीटचे पट्टे यांना धरून आहेत. मागे कोण बसतं तुमच्याकडे?"

"नातवंडं," हेझल म्हणाली.

जेमानं नुसतं दोन बोटांनी तो बोल्ट धरला आणि हलवला. तो दुधाच्या दातासारखा हलला.

"माझा भाऊ दर वर्षी तपासतो," हेझल घाईघाईनं म्हणाली. "पंचवीसेक वर्षं हेच काम करतो तो. त्याच्या नजरेतून सुटलं असेल. काळ्या लेपामुळे दिसलं नसेल त्याला."

"असेलही," जेमा म्हणाली. पण ती हेझलकडे न बघता म्हणाली. "गाडी मात्र मी तुम्हाला चालवत नेऊ देऊ शकत नाही. इथेच राहू दे."

मेरीपोर्टच्या बसमध्ये हेझल खिडकीशी बसली आणि भावाच्या बाजूनं मनातल्या मनात वकिली करत राहिली. आधीच्या मालकानं लिंपलं असेल. मदतनिसानं केलं असेल. पण गॉर्डननं घेतल्यापासून त्या गाडीला नेव्हिलशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. बस त्याच्या गल्लीशी थांबेपर्यंत तिच्याजवळ एकच आशा उरली होती, की तो ऐकून दचकेल.

तो दचकला नाही. पुढच्या खोलीत पलंगावर उशांना टेकून बसला होता, त्याची बायको जॅनिस इस्त्री करत होती. हेझलनं कोटही न काढता सगळं सांगितलं. नेव्हिलनं डोळे मिटले आणि म्हणाला, "तुला सांगितलं होतं ना, दुसरीकडे नेऊ नकोस म्हणून."

जॅनिसनं इस्त्री सदऱ्यावरून उचलली.

"म्हणजे तुला माहीत होतं," हेझल म्हणाली.

"आधी बसून घे."

"माहीत होतं का, नेव्हिल?"

"पहिल्या वर्षी थोडंसंच होतं गं. म्हटलं, हिवाळ्यात गाडीचा सगळा तळ उचकटून नीट वेल्डिंग करू. तेव्हा तू गॉर्डन गेल्याच्या दुःखातून जरा कुठे सावरत होतीस, जूनमध्ये निघायची तयारी झाली होती. कोणत्या तोंडानं सांगणार? म्हणून तात्पुरती पट्टी मारली. पुढच्या वर्षी बघितलं तर वाढलं होतं. आता सांगितलं तर आधीच्या वर्षी पास कशी केली, हे आलंच. मग काय, पुन्हा पट्टी."

"आणि वर येऊन माझ्याकडे केक खाल्लास. दर वर्षी. खाली जाऊन बघायचास, वरून काळं फासायचास आणि माझ्या टेबलाशी बसून हसायचास."

"तू सावकाश चालवतेस. मला वाटलं..."

"नेव्हिल," जॅनिस मधेच म्हणाली. तिनं इस्त्री उभी करून ठेवली होती. "एलीला कधी गाडी लागलेली मी तरी पाहिली नाही. लंडनपर्यंत बसनं गेली पोरगी. तू दर वेळी नाही का म्हणत होतास?"

नेव्हिलची मान हळूहळू खाली गेली, आणि त्या खोलीतल्या दोन्ही बायकांना उत्तर मिळालं. हेझल तेव्हा कुठे खुर्चीवर बसली. गंज, पत्रा, काळा लेप, हे सगळं ती कदाचित कधीतरी गिळू शकली असती. पण स्वतःची नात त्यानं जपून बाजूला ठेवली होती, आणि मॉली-जूडच्या पट्ट्यांचे हूक मात्र स्वतः लावून देऊन, टपावर थाप मारून, "मजा करा रे" म्हणत निरोप दिला होता.

"हेझल, ऐक," नेव्हिल आता घाईनं बोलू लागला. "ते वर्किंग्टनवाले वाहन खात्याला कळवणार. खात्याची माणसं तुला विचारायला येतील. माझं गॅरेज जाईल. तू एवढंच म्हण, की तो पत्रा गॉर्डननं मारला होता. त्याला हात चालवायची हौस होतीच. त्यावर मी वरवर बघत गेलो, एवढंच. हलगर्जीपणावर भागेल. गॉर्डनला आता काय फरक पडतोय?"

हेझलनं त्याच्याकडे पाहिलं. शाळेच्या पहिल्या दिवशी ज्याचा हात धरून तिनं पोचवलं होतं तो हा. आईच्या आजारपणात ज्याचे सदरे तिनं धुतले तो हा.

"गॉर्डननं एक स्क्रू जरी फिरवला तरी मला बोलवून दाखवायचा," ती म्हणाली. "त्याच्या नावावर हे खपवायला निघालास? त्याच्या?"

ती उठली. जॅनिसनं पुढे होऊन तिच्यासाठी दार उघडलं.

रूथला सांगणं त्याहून अवघड गेलं. मुलगी सिंकपाशी उभी राहून सगळं ऐकत होती. ऐकून झाल्यावर वरच्या खोलीत गेली, मुलं खेळत होती तिथे दारात नुसती उभी राहिली आणि परत खाली आली. "आई, तुझ्यावर रागावून काही उपयोग नाही, हे कळतंय मला," ती म्हणाली. "पण आज तू घरी जा." हेझल गेली. दोन आठवडे रूथनं फोन केला नाही, आणि हेझलनं तिला दोष दिला नाही.

खात्याची माणसं आली तेव्हा हेझलनं जे होतं तेच सांगितलं. नेव्हिलचा परवाना गेला. त्यानं पास केलेल्या गाड्या परत तपासायला बोलावल्या गेल्या, आणि त्यांतल्या काहींचे ब्रेक असे निघाले की मालकांनी कपाळाला हात लावला. एका नर्सची छोटी गाडी त्यांत होती. ती बाई बाजारात हेझलचा हात दाबून गेली. पण मासेवाल्यानं हेझलचं तोंड पाहून दुसऱ्या गिऱ्हाइकाला आधी माल दिला. क्लबात कुणीतरी तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालं, "सख्खा भाऊ होता हो. आधी घरात बोलता आलं नसतं?" हेझलनं क्लब सोडला. गाडी भंगारवाल्यानं साखळी लावून ओढून नेली. ते पाहायलाही हेझल गेली नाही.

नेव्हिल दोनदा दारात येऊन गेला. तिनं पडद्याआडून पाहिलं आणि दार उघडलं नाही.

नोव्हेंबरात त्यांची मावशी वारली. चर्चमध्ये बहीण-भाऊ एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले, मध्ये जॅनिस आणि रूथ. दफनानंतर लोक पांगले, रूथ मुलांना आणायला शाळेकडे गेली. वारा झोंबत होता. हेझल रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. नेव्हिल काठी टेकत तिच्याजवळ आला. चेहरा पार उतरला होता.

"जॅनिसनं गाडी आणलीय. घरी सोडतो तुला."

हेझलचा गुडघा ठणकत होता, आणि त्या ओळखीच्या आवाजाला हो म्हणावंसं क्षणभर अगदी मनापासून वाटलं. साठ वर्षांची सवय होती ती.

"बस येईल," ती म्हणाली.

"हेझल, मी तुझं वाईट व्हावं म्हणून नव्हतं केलं गं."

"ते माहीत आहे मला," ती म्हणाली. "म्हणूनच तर मला काय करावं ते कळत नाही. वाईट इच्छिणारा असता तर मी सावध राहिले असते."

तो रस्ता ओलांडून परत गेला आणि गाडीत जाऊन बसला. गाडी मात्र निघाली नाही. बसला उशीर झाला होता. तेवढा सगळा वेळ ते दोघं रस्त्याच्या दोन बाजूंना, एकमेकांकडे न बघता, थांबून राहिले. शेवटी बस आली. हेझल चढली आणि नेव्हिलच्या गाडीपासून लांबच्या बाजूला, समुद्राकडच्या खिडकीशी जाऊन बसली.