मिश्रीची डबी मुंबईला गेली

नाक मुरडू नका, मित्रांनो! मी एक जुनी पितळी डबी आहे, आणि माझ्या अंगाला मिश्रीचा वास येतो. तो माझा दोष नव्हे. माझ्यात जे भरलं, ते मी सांभाळलं.

बेळगावच्या एका तांबटानं मला ठोकून घडवलं. झाकणावर त्यानं वेल कोरली. निपाणीच्या बाळाबाईनं लग्नाच्या वर्षी मला विकत घेतलं. ती तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जायची. घरी आली की तव्यावर तंबाखू काळीभोर होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि ती पूड, म्हणजे मिश्री, माझ्यात भरायची. सकाळी उठलं की दात घासायला पहिलं बोट माझ्यात! शेजारणी म्हणायच्या, "बाळाबाई, डबी लई झ्याक हाय गं!" मी किती फुगायचे म्हणून सांगू!

बाळाबाईच्या मुलीचं नाव विद्युल्लता. केशवमामानं हौसेनं ठेवलेलं. ते आईच्या जिभेला काही वळेना, म्हणून घरात ती बेबीच राहिली. दहा वर्षांची असताना बेबीची दाढ ठणकली. पोर गडबडा लोळू लागली. बाळाबाईनं माझ्यातली चिमूटभर मिश्री तिच्या हिरडीला चोळली. पोर शांत झाली. मला वाटलं, केवढं पुण्य लागलं मला! पण दुसऱ्या दिवशी बेबीचं बोट आपणहून माझ्यात आलं, आणि मग रोजच येऊ लागलं.

बेबी हुशार निघाली. बेळगावात राहून इंटर सायन्स पास झाली. सेहेचाळीस साली मुंबईच्या दातांच्या कॉलेजातून पत्र आलं, मुलाखतीला या. हातात पंधरा दिवस होते. केशवमामा निपाणीच्याच शाळेत मास्तर. तो कोट-टोपी घालून खुर्चीत बसायचा, साहेबासारखा खाकरायचा आणि प्रश्न विचारायचा. बेबीला सगळं पाठ होतं. दाढा किती, दुधाचे दात कधी पडतात, सगळं. पण उत्तर देताना तिचा हात तोंडावरून हलेना.

"हात खाली घे," मामा म्हणाला. "दातांच्या कॉलेजात तोंड झाकून बसणार व्हय?"

बेबीनं हात काढला. हिरड्यांच्या कडेनं काळी रेघ होती. मामानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

त्या दिवसापासून बेबीनं मिश्री सोडली. मीठ लावून दात घासघास घासले. हिरड्यांतून रक्त आलं, रेघ काही जाईना. चौथ्या सकाळी डोकं जड झालं आणि तिचं बोट पुन्हा माझ्यात आलं. तिला स्वतःचाच असा संताप आला, की तिनं मला अंगणात भिरकावलं. माझ्या कडेला पोचा पडला. अजून आहे, बघा.

बाळाबाईनं मला उचललं, पदरानं पुसलं. "हिच्यावर कशाला राग काढतीस? तुझ्या हिरडीला लागलेलं पहिलं बोट माझं हुतं," ती म्हणाली. "साहेबानं इचारलं तर सांग, माझ्या आईनं लावली म्हणून."

बेबी आईच्या गळ्यात पडून रडली. मुंबईला निघताना तिनं मला पिशवीत घेतलं.

तीन साहेब टेबलापलीकडे बसले होते. पाठ केलेलं सगळं विचारून झालं. मग एक म्हातारे डॉक्टर चष्मा सावरत म्हणाले, "तुमच्या दातांना हे काय?"

बेबीचा हात तोंडाकडे गेला, आणि अर्ध्यावरून खाली आला. तिनं मला काढून टेबलावर ठेवलं. म्हणाली, "आमच्याकडे दाढ दुखली की हेच औषध. मी सोडतेय, पण सकाळी अजून हात डबीकडेच जातो. आईचं तर उभं आयुष्य यात गेलं."

डॉक्टरांनी झाकण उघडून वास घेतला आणि सटासट तीन शिंका दिल्या. मग नाक पुसत विचारलं, "दाढ दुखतेय म्हणून आई आली, तर आधी काय कराल?"

"आधी तिला तोंड उघडायला लावीन," बेबी म्हणाली. "पदर न लावता ती कुणासमोर हसलीसुद्धा नाही."

डॉक्टरांनी माझं झाकण नीट लावलं आणि मला तिच्या हातात दिलं. आठ दिवसांनी प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं.

पुढच्या दिवाळीला बेबी घरी आली. तिनं आईला उन्हात उंबऱ्यावर बसवलं. बाळाबाईनं आधी लाजून पदर तोंडाला लावला, मग हळूच काढला आणि आ केला. बेबीनं इवल्या आरशानं बघितलं. दोन दाढा पार पोखरलेल्या होत्या.

"आई, किती वर्षं दुखतंय हे?"

"तू पाळण्यात हुतीस तवापासनं."

"मग सांगितलं का न्हाईस गं?"

"दुखतंय म्हणून सांगायचं असतं, हे तरी मला कुठं कुणी सांगितलं?"

मित्रांनो, पुढं बाळाबाईनंही मिश्री सोडली; आता माझ्यात दाढदुखीवरच्या लवंगा असतात. बाळाबाईचं बोट रोज सकाळी चुकून आत येतं, क्षणभर थांबतं आणि एक लवंग उचलतं. त्या बोटाची मला फार माया आहे. मला चिंचेनं घासा, फळीवर मिरवा, असं मी म्हणणार नाही. एवढंच करा. घरात कुणी तोंडाला पदर लावून हसत असेल, तर तिला एकदा विचारा, दुखतंय का म्हणून.