चढावर वाहणारी नदी

माझ्या धाकटीला साहित्य शिकायचं होतं आणि मला तिला माझ्यासारखं मोजणीदार करायचं होतं. कॉलेजच्या अर्जावर पालकाची सही लागत होती, म्हणजे नाडी माझ्या हातात होती. शेवटची तारीख दहा दिवसांवर आली तरी दोघंही हटायला तयार नव्हतो. बायकोने आम्हा दोघांशीही बोलणं टाकलं होतं. खरं सांगायचं तर त्यामुळे घरात जरा शांतता होती.

मी एकतीस वर्षं जमीन मोजतोय. कचेरीत मला सगळे ‘ओळंबा’ म्हणतात, गवंड्याच्या सरळ लोंबणाऱ्या दोरीवरून, आणि तेही तोंडावर. मी आखलेली हद्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं लोक म्हणायचे आणि मी ते कधी नाकारलं नाही. अशा माणसाची मुलगी राक्षस, जादूगार आणि बोलणाऱ्या डोंगरांच्या पाच जाडजूड खंडांपायी वेडी व्हावी, हे मला कसं पटावं?

“सगळ्या थापा आहेत,” मी म्हणालो.

“वाचलंय का तुम्ही, बाबा?”

“थापा वाचाव्या लागत नाहीत. वासावरून कळतात.”

तिने पहिला खंड माझ्यापुढे आदळला. “पहिल्याच पानावर नकाशा आहे. तुमचाच विषय. त्यात एक चूक दाखवा, मी मुकाट्याने मोजणी शिकते. नाही सापडली तर सही करायची. पण पुस्तक वाचून हं. नुसता नकाशा बघून निकाल द्यायचा नाही.”

मुलगी माझीच, खोडही माझीच. मी कबूल झालो.

कादंबरी कशी वाचतात हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी टेबलावर पट्टी, कंपास, दोरा आणि लाल पेन्सिल मांडून बसलो. पात्रं प्रवासाला निघाली की मी वळणावळणाने दोरा लावायचो, अंतर काढायचो, घोड्याची दिवसाची मजल मोजायचो. राजकन्येला कोणी पळवून नेलं, का नेलं, याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. तिला किती वेगाने नेलं, एवढाच माझा प्रश्न. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या कागदावर अकरा चुका होत्या आणि मी शीळ घालत होतो.

मग एकेक चूक निसटायला लागली. बारा दिवसांची वाट सैन्याने सहा दिवसांत कापली, ही माझी चौथी चूक. पन्नास पानांनी कळलं की सेनापतीने जड गाड्या मागेच सोडल्या होत्या आणि वाटेत ताजे घोडे ठेवले होते. मी चौथी खोडली. उभ्या कड्यावरच्या किल्ल्यात पाण्याचा ठिपकाही नाही, ही सातवी. एकोणिसाव्या प्रकरणात तो किल्ला तलवारीने नाही, तहानेने पडला. ते वाचताना माझ्याच घशाला कोरड पडली. मी उठून पाणी प्यायलो आणि मगच सातवी खोडली.

आता हे लिहिणाऱ्या बाईंकडे नीट बघणं भाग होतं. मागच्या पानावर त्यांचा फोटो होता. जाड चष्मा, आखूड केस, चेहऱ्यावर कसलाही आव नाही. खाली लिहिलं होतं की त्यांनी बावीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं निवडली. म्हणजे या बाईने जन्मात कधी मोजणीची काठी धरली नसणार! पण कोणती खिंड कोणत्या महिन्यात बर्फाने बंद होते, दक्षिणेत मीठ का महाग, नदीच्या कोणत्या काठाला गाळ साचतो, हे तिला ठाऊक होतं. गावागावाला तिने वेगळी बोली दिली होती आणि बोलीबोलीला वेगळी शिवी. मी आयुष्यभर आयत्या जमिनीवर फिरलो, जे होतं तेच मोजलं. हिने आधी जमीन उभी केली, तिच्यावर माणसं चालवली, आणि तरी तिचं उंचसखल जुळत होतं. मी तोंडात बोट घातलं. एका माणसाच्या डोक्यात इतकी जागा असते?

दुसऱ्या खंडाने मला कामातून घालवलं. बसने माझा थांबा मागे टाकला. जेवणाच्या सुट्टीत कारकुनाने विचारलं, “ओळंबासाहेब, कसला दस्त एवढा?” “महत्त्वाचा,” मी म्हणालो आणि पान उलटलं. शेवटी बायकोलाही मौन सोडावं लागलं. न्हाणीतून तिचा आवाज आला, “अहो, बादली वाहतेय! कुठल्या राज्यात आहात?” राज्याचं नाव मी तिला सांगितलं असतं.

एकच चूक उरली होती, अकरावी. तिथेच घोडं पेंड खात होतं, आणि मी चक्क वाईट वाटून घेत होतो. बाई, इतकं सगळं सांभाळलंत आणि इथे कशा हो चुकलात?

“सापडली चूक,” मी नाश्त्याला धाकटीला सांगितलं. “सरोवर खाली आहे, राजधानी वर पठारावर. आणि नदी सरोवरातून निघून राजधानीला जाते. पाणी चढावर जात नाही, बाळा.”

तिने वाद घातला नाही. “तिसरा खंड वाचलात?”

“नाही अजून.”

“मग वाचा. त्यानंतरही चूक म्हणालात, तर मी हरले. तुम्ही म्हणाल ते.”

तिची पुढची सगळी वर्षं तिने अशी माझ्या शब्दावर टाकली आणि चहाचा कप उचलला. उद्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. मी रजा टाकली आणि गॅलरीत खुर्ची ओढली.

तिसऱ्या खंडात राज्याचा म्हातारा नकाशाकार येतो. त्याच्या तरुणपणी राजाने त्याला सांगितलेलं असतं, नदी माझ्या शहरातून जाते असं दाखव. तो म्हणतो, महाराज, जात नाही. राजा फक्त हसतो. नकाशाकार निळी रेघ काढतो, बक्षीस घेतो, घरी येऊन पोटभर जेवतो. चाळीस वर्षांनी दुष्काळात हजारो माणसं त्या रेघेच्या भरवशावर पठाराकडे निघतात. बातमी ऐकून म्हातारा काठी घेतो आणि स्वतः त्या वाटेने चालत जातो. कोरडे दगड. दगडांजवळ पालथी मडकी. तो एकेक मडकं उलटून बघतो, आत पाणी असेल म्हणून नाही, मोजायचं म्हणून.

पुस्तक मांडीवर तसंच राहिलं. खाली रस्त्यावर गाड्या जात होत्या, मला त्या ऐकू येत नव्हत्या. पत्रं निवडणाऱ्या एका अनोळखी बाईने, इतक्या लांब बसून, माझं पितळ उघडं पाडलं होतं. मला राग आला नाही. भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त, माणसाला हे कसं कळू शकतं याचं नवल वाटलं.

धाकटी दारात उभी होती. बराच वेळ उभी असावी.

“झालं वाचून?”

“झालं.”

“मग? चूक आहे?”

“बाईंची नाही,” मी म्हणालो. “अर्ज आण.”

तिने अर्ज आणला. मी सही केली. ती आनंदाने वळणार, तेवढ्यात मी म्हणालो, “थांब. सव्वीस वर्षांपूर्वी एक ओढा मी हलवला.”

तिला समजेना. मी सांगितलं. एका बड्या माणसाची जमीन मोजायची होती. साहेब म्हणाले, ओढा जरा अलीकडे घे, त्याच्या हद्दीत. मी घेतला. कागदावर दोन सेंटिमीटर, जमिनीवर ऐंशी मीटर. मग त्या नकाशाच्या जोरावर खऱ्या ओढ्यापलीकडे भिंत उठली आणि ओढा भिंतीच्या आत गेला. बाहेर घरं होती. त्या लोकांनी तक्रार केली, तेव्हा त्यांना माझाच नकाशा दाखवला गेला.

“मग पाणी कुठून आणतात ते?”

“माहीत नाही. मी परत तिकडे गेलोच नाही.”

म्हणजे मूग गिळून बसलो होतो, आणि वर मुलीला शिकवत होतो की नकाशा खोटं बोलत नाही. तिने मला बोल लावले असते तर बरं झालं असतं. ती समोरची खुर्ची ओढून बसली आणि वाट बघत राहिली.

मी खणातून कोरा कागद काढला. हरकतीचे असे अर्ज मी शेकड्याने वाचलेत आणि फेटाळलेतही, त्यामुळे मायना पाठ होता. फेरमोजणी व्हावी, असं लिहिलं. ठिकाण लिहिलं, साल लिहिलं. हरकत कोणाच्या मोजणीला, तिथे माझं पूर्ण नाव आणि हुद्दा लिहिला. एकतीस वर्षांत कधी न वाकलेलं माझं अक्षर तिथे वाकडं आलं. मी कागद तिच्यापुढे सरकवला.

तिने तो दोनदा वाचला, आणि पेन माझ्या हातात परत दिलं.

“घरं किती ते लिहायचं राहिलं, बाबा.”

मी लिहिलं, नऊ.