उषाच्या जटेत शिरलेला लोण्याचा गोळा

मी लोण्याचा एक गोळा बोलतोय. पण थांबा, लगेच भाकरी पुढे करू नका. मी गाईम्हशीच्या दुधातला नाही, झाडाच्या बियांमधला आहे. आजकाल मला शिया बटर म्हणतात आणि काचेच्या बरणीत मिरवतात. आमच्या वेळी असले लाड नव्हते. युगांडातल्या गुलू गावात, अचान नावाच्या बाईच्या अंगणात माझा जन्म झाला. तिनं बिया भाजल्या, कुटल्या, पाणी घालून दंड भरून येईपर्यंत मळल्या, उकळल्या, तेव्हा कुठे मी वर तरंगलो. त्या चुलीच्या धुराचा वास माझ्या अंगाला कायमचा चिकटला. काहींना तो आवडत नाही. मला त्यांची कीव येते.

अचान मंजुबेनकडे कामाला होती. मंजुबेन मूळची सुरतेची, नवऱ्याचं गुलूत कापडाचं दुकान. तिचे केस असे दाट आणि कुरळे, की कंगव्याचे दात पडायचे. अचाननं तिला शिकवलं, आधी केस पाण्यानं चिंब करायचे, मग मला तळहातावर वितळवून वरून चोळायचं. आता खरं सांगायचं तर ओलावा माझ्याकडे नसतोच, तो पाण्याचा. मी फक्त दार लावून घेतो आणि पाण्याला बाहेर सटकू देत नाही. श्रेय मात्र सगळं मला मिळतं, आणि मी ते मुकाट्यानं घेतो.

बहात्तर साली तिथल्या लष्करी सरकारनं हिंदी लोकांना देश सोडायला लावला. वाटेतल्या तपासणीत शिपायांनी मंजुबेनच्या बांगड्या उतरवून घेतल्या. मग एकानं माझा डबा उघडला, आत नाक खुपसलं आणि हसला. हा वास त्याच्या आईच्या घरातला होता. त्यानं झाकण नीट लावून डबा परत दिला. सोनं गेलं आणि मी सुरतेला आलो. मला तेव्हा जरा गर्वच झाला होता.

शहराच्या कडेला, डिंडोलीच्या रस्त्याला लागून एक चाळ होती. तिथं राहायचे लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, काम करणारे खानदेशी लोक. मंजुबेनला तिथंच खोली मिळाली. शेजारी बन्सीलाल, त्याची बायको शोभाबाई, मुलगी उषा, आणि बन्सीलालची थोरली विधवा बहीण सुभद्राबाई, म्हणजे उषाची आत्या. कमावता बन्सीलाल असला तरी घरात शब्द चालायचा आत्याचा.

उषाचे केस मंजुबेनसारखेच कुरळे. ते पाहून मंजुबेननं मला वाटीभर त्या घरी धाडलं. पण मी कशासाठी आलोय हे कुणी सांगायच्या आत बन्सीलालनं मला गरम भाकरीवर फासलं. दोन घास खाऊन, डोळे मिटून त्यानं निकाल दिला, "तूप जुनं शे, पन खरं शे." शोभाबाई हसू लपवायला मोरीत जाऊन बसली. उरलेला मी फडताळात गेलो आणि सगळे मला विसरले.

त्या थंडीत उषाला टायफॉइड झाला. बरेच दिवस पोर अंथरुणाला खिळून होती. केसांना ना पाणी, ना कंगवा. ती उठून बसली तेव्हा मानेवरच्या केसांचा एक घट्ट दोर वळला गेला होता. शोभाबाई कंगवा घेऊन सरसावली, तेवढ्यात आत्यानं तो दोर पाहिला आणि हात जोडले.

"हाई देवीनी जट शे. हिले कोणी हात लावानं नही. पोर देवीनी व्हयनी. चैत मा गडवर ली जाऊ, देवीले सोपी दिऊ."

गड म्हणजे वणीचा. सोपवायचं म्हणजे उषाची शाळा बंद, लग्नाचं नाव नाही, जन्मभर परडी घेऊन दारोदार फिरायचं. उषा नववीत होती आणि तिला नर्स व्हायचं होतं. बन्सीलाल बहिणीपुढे मान खाली घालून बसला. उषा मंजुबेनकडे जाऊन तिच्या मांडीत डोकं खुपसून रडली. "मासी, मारे नथी जवुं," एवढंच म्हणत राहिली. मला जायचं नाही, जायचं नाही.

मंजुबेननं तो दोर बोटांनी चाचपला. मागोमाग आलेल्या शोभाबाईला ती म्हणाली, "माताजीने आ गूंच शुं कामनी?" देवीला हा गुंता काय कामाचा?

शोभाबाईनं दार लोटून घेतलं. "बेन, पाप तो नही लगेगा?"

"लगेगा तो मेरेको लगेगा. मेरा तो वैसे भी सब गया."

शोभाबाईनं आधी घाईघाईनं मला कोरड्याच केसांवर थापलं. मी काय करणार? वर बसून राहिलो. मंजुबेन तिला रागावली, "पहले पाणी, शोभाबेन, पहले पाणी!" मग खरा उद्योग सुरू झाला. आत्या दुपारी पोथी ऐकायला गेली, की मंजुबेन त्या दोराला पाणी पाजायची, मला चोळायची, आणि बन्सीलालच्या सूत ओढायच्या हुकानं टोकाकडून एकेक केस सोडवायची. आत्यानं पूजेत माखलेल्या हळदीचं वरचं कवच मात्र तसंच ठेवायची. वरून जट, आतून मोकळे केस. असलं सोंग मला फार आवडतं.

आणखी एक चावटपणा शोभाबाईनं स्वतःच्या डोक्यानं केला. दर मंगळवारी आत्या जटेची पूजा करून तिला हळदीचं तेल लावायची. शोभाबाईनं त्या तेलाच्या वाटीतच मला वितळवलं! आता आत्या आरती म्हणत म्हणत स्वतःच्या हातानं मला आतवर घुसवू लागली. इतक्या निष्ठेनं मला गुलूतही कुणी चोळलं नव्हतं. चाळीतल्या बाया नारळ घेऊन यायच्या, जटेला नमस्कार करायच्या, आणि मी आत बसून एकेक गाठ सैल करायचो.

चैत्राआधीचा शेवटचा मंगळवार आला. गडावर न्यायचं गाठोडं बांधून तयार होतं. आत्यानं तेल घेतलं, जटेवर हात फिरवला, आणि तिचं बोट आरपार गेलं. कवच फुटलं. दोर तिच्या हातातच उलगडला आणि उषाचे केस खांद्यावर पसरले. शेजारच्या प्रमिलाबाईच्या हातातला नारळ खाली पडला.

"देवी कोपनी का व?" ती पुटपुटली.

आत्यानं तळहात नाकाशी नेले. माझा वास लपत नाही. तिनं शोभाबाईकडे पाहिलं. शोभाबाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. आत्यानं एक शब्द वाकडा काढला असता, तर सगळं संपलं असतं. मीसुद्धा त्या क्षणी घाबरलो होतो, कबूल करतो.

"कोपनी नही," आत्या सावकाश म्हणाली. "मोकळी करी दिनी. पोरले शाळामा धाडा."

त्याच दुपारी ती एकटीच मंजुबेनच्या दारात आली. दार लावून घेतलं, खाली बसली आणि डोक्यावरचा पदर मागे केला. तो पदर मी कधी सरकलेला पाहिला नव्हता. खाली तिची स्वतःची जट होती, मनगटाएवढी जाड, दगडासारखी.

"माले बी तापच येल व्हता, लहानपने," ती म्हणाली. मग जमिनीकडे बघत तिनं विचारलं, "उरेल शे का ते तूप?"

मंजुबेननं डबा खरवडून मला सगळाच्या सगळा तिला दिला. ती जट काही सगळी सुटली नाही, बरीचशी कात्रीनं कापावी लागली. तेव्हा आत्यानं उषाचा हात घट्ट धरला होता. मग उषानं तिच्या डोक्यावर तांब्या ओतला, आणि पाणी थेट टाळूपर्यंत पोचलं.

"थंडं शे व माय!" आत्या ओरडली आणि लहान पोरीसारखी हसत सुटली.

माझं म्हणाल, तर मी आता डब्याच्या कडेला लागलेला एक चिकट डाग आहे. मंजुबेन त्यात हिंग ठेवते आणि आमच्या दोघांच्या वासांची रोज भांडणं चालतात. जाता जाता एवढंच मागणं. कुणा पोरीच्या केसांत गुंता दिसला, तर हात जोडायच्या आधी ते ओले करा आणि बसा सोडवत. मी मिळालो नाही तर खोबरेल घ्या. मला राग येणार नाही. थोडा येईल.