सूर्योदय क्लबचं काय झालं

रेडिओवर सरकारचा हुकूम ऐकला आणि माझा थोरला भाऊ हिरनाथ ताटावरून उठला. धर्माच्या किंवा जमातीच्या नावावर चालणाऱ्या फुटबॉल क्लबांना यापुढे स्पर्धेत जागा नाही, शेजारशेजारच्या वस्त्यांनी मिळून नवे क्लब काढावेत, असा तो हुकूम होता. त्या वर्षी आमच्या बेटावर सामन्यांपायी मारामाऱ्या फार झाल्या होत्या.

भैया अंगणात गेला, आत आला, पुन्हा बाहेर गेला.

"सावित्री, तो रेडिओ बंद कर!"

"केव्हाच बंद केलाय."

सूर्योदय क्लब आमच्या बापूंनी काढला होता. साखर कारखान्याच्या साहेबांचं मैदान होतं, पण आमच्यासारख्या हिंदुस्थानी ऊस तोडणाऱ्यांना तिथे पाय ठेवायची सोय नव्हती. मग तोडणी झालेल्या रानात, धसकटं उपटून, आमची माणसं अनवाणी खेळायला लागली. आईनं आणि शेजारणींनी शर्ट हळदीत रंगवले. अर्धा खेळ होईतो घामानं सगळ्यांच्या माना पिवळ्या व्हायच्या. नदीपलीकडच्या क्रिओल, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या, कोळ्यांचा क्लब सेंत-आन. त्यांचा रंग निळा. आमचा-त्यांचा सामना असला की दुकानदार आधीच फळ्या लावून घ्यायचे.

भैया आमचा कप्तान. त्यांचा गोलरक्षक गास्तों. एका अंतिम सामन्यात दोघांची अशी टक्कर झाली की भैयाचा गुडघा कायमचा गेला. गास्तों इस्पितळात लिची घेऊन आला होता. भैयानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

आता दोन्ही वस्त्यांचा एक क्लब करायला याच दोघांना शाळेच्या वर्गात समोरासमोर बसवलं. नवं नाव ठरलं, बेल-रॉश युनायटेड. पिवळा नको, निळा नको, म्हणून शर्ट हिरवा.

"हिरवा?" भैया म्हणाला. "डबक्यातल्या शेवाळासारखा?"

"आणि तुमचे लोक इतकी वर्षं कावीळ झाल्यासारखे दिसायचे, त्याचं काय?" गास्तों म्हणाला.

आमचेसुद्धा हसले. भैया खुर्ची सरकवून निघून आला.

त्यानंतर घरात त्याचं बूड टेकेना. सकाळी रानाच्या कडेनं चालत राहायचा. दुपारी बैठक्यात, वस्तीच्या सभाघरात, जाऊन बापूंच्या फोटोखाली बसायचा आणि लगेच उठायचा. सूर्योदयची मुलं भेटायला आली की विचारायचा, "जाणार का त्यांच्यात?" मुलं खाली बघायची आणि दुसऱ्या दिवशी सरावाला जायची. शेवटी मीच बोलले, "भैया, क्लब बापूंचा होता. मुलं त्यांच्या-त्यांच्या बापांची आहेत. खेळू दे की."

"तुला काय कळतं फुटबॉलमधलं?"

"तुझे शर्ट धुण्यात जन्म गेला, तेवढं तरी कळतं."

पहिल्या सामन्याला जाणार नाही म्हणाला आणि तंबाखू आणायला म्हणून बाहेर पडला. मी मागोमाग गेले. तंबाखूचं दुकान मागेच राहिलं, हा आपला मैदानाच्या कुंपणाशी.

क्लब एक, पण लोक जुन्या सवयीनं डावीकडे आमचे, उजवीकडे त्यांचे. खेळ संपत आला तरी बरोबरी होती. मग आम्हाला पेनल्टी मिळाली. सेंत-आनचा देझिरे पुढे आला. चेंडू खांबावर आपटून बाहेर गेला.

आमच्या बाजूनं त्याच्या जमातीवरून शिव्या सुरू झाल्या. मग एक दगड आला. देझिरे कपाळ धरून खाली बसला.

भैया कुंपणातून आत शिरला. लंगडत, थेट मैदानाच्या मधोमध. मला वाटलं, आता हा आमच्या मुलांना बाहेर काढणार. तो देझिरेच्या पुढे उभा राहिला, आमच्याकडे तोंड करून.

"मारायचंय? मारा! इतकी वर्षं हरत आलो, आपल्या खेळाडूला कधी दगड मारला होता?"

"तो आपला कुठला?" आमच्या गर्दीतला रामेसर ओरडला.

"शर्ट दिसत नाही? मलाही तो रंग आवडत नाही. पण त्यानं घातलाय ना! आता तो आपला!"

गास्तों ओला टॉवेल घेऊन धावत आला. दोघांनी मिळून देझिरेला उठवलं. एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. तो सामना आम्ही शेवटी हरलोच.

पुढे दोघंही त्याच क्लबचे प्रशिक्षक झाले. रोज भांडायचे, नदीच्या दोन्ही काठांवर ऐकू जायचं. एकदा चषकही आणला. लोक मात्र परत आले नाहीत. ना आमचे, ना त्यांचे. म्हातारे म्हणायचे, ओरडायचं तरी कुणाविरुद्ध? तरणे दुकानातल्या टीव्हीवर इंग्लंडचे सामने बघायचे. एका वर्षी अकराजण जमले नाहीत, आणि क्लब बंद पडला. कुणी तसं जाहीरही केलं नाही.

मैदानाच्या जागी आता बंगले उठतायत.

परवा भैया भर उन्हात घाईघाईनं निघाला.

"कुठे?"

"गास्तोंकडे. मुलींचा संघ काढू म्हणतोय. वेडा झालाय."

"मग तू कशाला जातोस?"

"अगं, त्याला एकट्याला जागा शोधता येणारेय का? कुठलीही उतरती जमीन पसंत करून बसेल!"

तेव्हापासून दोघं बसनं गावोगाव हिंडतायत. कुठे दगड फार, कुठे मालक नाही म्हणतो. मैदान अजून मिळालेलं नाही. मुली मात्र आत्तापासूनच दारात येऊन विचारतात, "काका आले का?"