खटका पडला की शिव्या मला

मित्रांनो, मी फारसा जुना नाही, पण चिडका मात्र झालो आहे. घरात वीज शिरते त्या डब्यात, साध्या खटक्यांच्या रांगेत मी बसतो. साधा खटका वीज जास्त ओढली की पडतो. माझं काम वेगळं. वायर कुठे चिरडली, जोड सैल झाला आणि आत बारीक ठिणग्या उडू लागल्या, की मला कळतं. मी लगेच वीज तोडतो. कारखान्यात माझी कसून परीक्षा झाली होती. ज्यांच्या घरी आलो, त्यांची कुणी घेतली नव्हती.

पहिलं दीड वर्ष मला काही करावं लागलं नाही, म्हणून मी सगळ्यांचा लाडका होतो. मग आजोबांचा पाय मोडला. त्यांची खाट मावावी म्हणून मुलाने लोखंडी कपाट सरकवलं आणि कपाटाचा पाय नेमका हीटरच्या वायरवर ठेवला. तेव्हापासून हीटर लावला की वायरीत ठिणग्या, आणि मी बंद.

"मेला पुन्हा पडला! इकडे बाबा गारठलेत आणि याचे नखरे!"

"अहो, पण हीटर लावल्यावरच का पडतो?" सुनेने विचारलं.

"तू वायरमन आहेस का?"

नव्हती. पण घरात डोकं तेवढं तिचंच चालू होतं.

खरा वायरमन आला. त्याने डबा उघडला, चहा प्यायला आणि आजोबांच्या खोलीत डोकावलासुद्धा नाही. "साहेब, हा अतिशहाणा आहे. साधा बसवतो, कटकट संपली."

मला काढून पत्र्याच्या डब्यात टाकलं. डबा कुठे ठेवला? त्याच कपाटावर! खाली ठिणग्या उडत होत्या, वर मी बिनतारेचा, मुका. संतापाने नुसता जळत होतो.

चौथ्या दुपारी माझ्याआधी चादर जळाली. प्लॅस्टरमधल्या पायाने आजोबांना उठता येईना.

"सूनबाई! अगं, धाव!"

साधा खटका ढिम्म. वीज जास्त ओढली जातच नव्हती, तो बिचारा कशाला पडेल? सुनेने आधी मेन स्विच पाडला, मग खाटेसकट सासऱ्यांना दाराबाहेर ओढलं. त्यांच्या धड पायाची टाच भाजली. मुलगा म्हणाला, "नशीब बलवत्तर!" म्हणजे श्रेयही नशिबालाच.

दुसऱ्या दिवशी मला परत जागेवर बसवलं. गेल्या आठवड्यात मी पुन्हा पडलो. मुलाने तोंड उघडलं, एवढ्यात खाटेवरून आवाज आला, "त्याच्यावर ओरडू नकोस. आधी वाकून बघ." मुलगा वाकला. इस्त्रीची वायर दाराच्या फटीत चेचली होती.

मित्रांनो, मला तुमचं कौतुक नको. मी पडलो, तर मला वर करण्याआधी तुम्ही खाली वाका.